‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी जनुकाची तीन अक्षरे

‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य ऐकलेले नाही असा तरुण आपल्या समाजात सापडणे कठीण. कुणाच्या रक्तात हुशारी असते, कुणाच्या रक्तात धंदा असतो, कुणाच्या रक्तात राज्य करणे असते. आपल्या वाट्याला येताना मात्र त्याच रक्तात आळस, घाण आणि गुन्हेगारी असते. आमच्या आजोबांच्या पिढीला हेच पूर्वजन्मीचे कर्म म्हणून सांगितले गेले. वडिलांच्या पिढीला ‘शुद्ध बीज’ म्हणून सांगितले गेले. आमच्या पिढीला इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या होस्टेलमध्ये ते ‘जीन्स’ म्हणून ऐकावे लागते. शब्द बदलला, सांगणारा जास्त शिकलेला आहे, पण माल तोच जुना आहे.

याला उत्तर देताना आपण बहुतेक वेळा संविधान सांगतो, इतिहास सांगतो. ते बरोबरच आहे. पण समोरचा माणूस विज्ञानाचा शब्द वापरून अन्याय झाकत असेल, तर विज्ञानाच्या मैदानातही आपल्याला उतरता आले पाहिजे. ‘जीन म्हणजे नेमके काय आणि ते शरीरात काय काम करते?’ एवढे दोनच प्रश्न विचारा. ‘जीन्समध्येच असते’ म्हणणारे बहुतेक जण तिथेच अडतात, हा आमचा अनुभव आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नाही. विदर्भातल्या वस्त्यांमध्ये अभ्यासवर्ग चालवणारे आणि सिकलसेलच्या तपासणीसाठी लोकांना सोबत घेऊन जाणारे आम्ही कार्यकर्ते आहोत. जनुक, प्रथिन हे शब्द आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. पण लेकराच्या हातापायाचे दुखणे पाहून रडणारी आई जेव्हा ‘माझ्या लेकरालाच का?’ असे विचारते, तेव्हा पाठांतर कामाला येत नाही. तिला समजेल असे सांगायला बसलो, तेव्हा हा विषय आमचा आम्हालाच नीट उलगडत गेला. तोच इथे मांडत आहोत.

आपले शरीर पेशींचे आहे आणि पेशींमधली बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्न पचवणारी, स्नायू हलवणारी, रोगाशी लढणारी, प्राणवायू वाहून नेणारी, अशी ही हजारो प्रकारची प्रथिने आहेत. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेत ओवायचे मणी फक्त २० प्रकारचे. कोणता मणी कोणत्या मण्यानंतर यायचा, यावर माळ कशी दुमडेल आणि कोणते काम करील हे ठरते. हा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो. प्रथिन बनवणारे जनुक म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्यात एखाद्या माळेचा क्रम लिहिलेला आहे. माणसात अशी साधारण २० हजार जनुके आहेत. प्रत्येक जनुकाच्या सहसा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून.

डीएनएच्या लिपीत अक्षरे चारच. ए, टी, जी आणि सी. आता चार अक्षरांत २० मणी कसे लिहायचे? एका अक्षराला एक मणी धरला तर चारच मणी सांगता येतात. दोन अक्षरांच्या जोड्या केल्या तर १६ होतात, तरी चार कमीच पडतात. तीन अक्षरांचे शब्द केले की ६४ होतात आणि काम भागते. निसर्गात तसेच आहे. तीन अक्षरांच्या या शब्दाला कोडॉन म्हणतात. ६४ पैकी ६१ कोडॉन कोणत्या ना कोणत्या अमिनो आम्लाचे नाव सांगतात आणि उरलेले तीन ‘इथे थांब’ असे सांगतात. शब्द ६१ आणि मणी २०, म्हणून बहुतेक मण्यांना एकापेक्षा जास्त नावे आहेत.

अभ्यासवर्गात आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहितो. ‘कमल सदन सजव.’ प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा, काना-मात्रा नाही. आता एकच अक्षर बदलून ‘कमल वदन सजव’ करा. वाक्य चुकले नाही, वाचताही येते, पण घर सजवायचे सोडून कमल तोंड सजवायला बसली. आता मूळ वाक्यातले पहिले ‘क’ पुसून टाका आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा. ‘मलस दनस जव.’ सगळेच बिघडले. कारण पेशीच्या वाचनात शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. कुठून सुरू करायचे एवढे ठरलेले असते, पुढे तीन-तीन मोजत जायचे. म्हणून अक्षर बदलणे आणि अक्षर गळणे यांचे परिणाम वेगवेगळे होतात. पोरांना हे एकदा फळ्यावर दिसले की पुढचा भाग सोपा जातो.

डीएनए पेशीच्या केंद्रकात असते. मूळ दस्त कचेरीतून बाहेर काढत नाहीत, नक्कल काढून देतात, तसेच इथे होते. ज्या जनुकाची गरज आहे त्याची नक्कल आरएनएच्या रूपात निघते. या कामाला दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिलेखन म्हटले आहे. आरएनएमध्ये टीच्या जागी यू हे अक्षर येते, बाकी लिपी तीच. नक्कल काटछाट होऊन केंद्रकाबाहेर येते आणि रायबोझोम नावाच्या यंत्राला जोडली जाते. इथे भाषांतरण सुरू होते.

हे भाषांतरण कोण करते, हे समजून घेण्यासारखे आहे. तीन अक्षरे आणि अमिनो आम्ल यांच्यात दिसण्यात काही सारखेपणा नाही. दोन वेगळ्या भाषाच त्या. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. तो म्हणजे टी-आरएनए हा छोटा रेणू. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरे असतात आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल बांधलेले असते. योग्य दुभाष्याला योग्य अमिनो आम्ल बांधण्याचे काम वेगळी विकरे करतात. रायबोझोम नकलेवरचा कोडॉन पुढे करतो, जुळणारा टी-आरएनए येऊन बसतो, त्याच्याजवळचा मणी माळेत ओवला जातो, रायबोझोम तीन अक्षरे पुढे सरकतो. सुरुवात एयूजी या कोडॉनपासून होते. यूएए, यूएजी किंवा यूजीए आला की माळ सुटी होते. माणसाच्या पेशीत एक रायबोझोम सेकंदाला साधारण पाच-सहा मणी ओवतो. म्हणजे दीडशेच्या आसपास मण्यांची माळ अर्ध्या मिनिटात तयार.

ही लिपी माणसाने वाचली ती १९६१ ते १९६६ या पाच-सहा वर्षांत. अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी फक्त यू हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा असलेला आरएनए पेशींच्या रसात टाकला. तेव्हा फेनिलअलॅनिन या एकाच अमिनो आम्लाची माळ तयार झाली. म्हणजे यूयूयूचा अर्थ लागला. पहिला शब्द असा कळला. पुढे हरगोविंद खुराना यांनी हव्या त्या क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत बनवून शब्द तपासले. यूसीयूसी असा आरएनए दिला तर यूसीयू आणि सीयूसी हे दोन शब्द आळीपाळीने येतात आणि माळेत सेरीन आणि ल्युसीन हे दोन मणी आळीपाळीने येतात. रॉबर्ट हॉली यांनी टी-आरएनएची रचना उलगडली. निरेनबर्ग, खुराना आणि हॉली या तिघांना १९६८ चे नोबेल मिळाले. खुराना यांचा जन्म तेव्हाच्या पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या रायपूर या शंभरेक घरांच्या खेड्यातला. वडील गावचे पटवारी. रायबोझोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी व्यंकटरामन रामकृष्णन यांचा जन्म तमिळनाडूतल्या चिदंबरमचा.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. या सगळ्या यंत्रणेत ‘गुणवत्ता’ कुठे लिहिलेली आहे? प्रथिनाच्या जनुकात लिहिलेले असते ते एवढेच की या मण्यानंतर तो मणी ओवा. जनुक वकिली सांगत नाही, झाडू सांगत नाही, तलवार सांगत नाही. शिवाय हा शब्दकोश सगळ्यांचा एकच आहे. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल, हे पुरोहिताच्या पेशीत तसेच, सफाई कामगाराच्या पेशीत तसेच आणि गहू, गाय, जिवाणू यांच्या पेशींतही तसेच. थोडे अपवाद सापडले आहेत, आपल्या पेशीतल्या मायटोकाँड्रियातच काही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. पण ते अपवाद जात पाहून केलेले नाहीत.

आनुवंशिकतेचा माणसावर काहीच परिणाम होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर सिकलसेलच्या घरात आम्हाला कुणी उभे करणार नाही. आमचे म्हणणे असे की परिणाम कसा होतो ते बघा, मग बोला. त्यासाठी सिकलसेलसारखे दुसरे उदाहरण नाही.

रक्तातल्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असते. त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार माळा. बीटा माळ १४६ मण्यांची. तिचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. या माळेतला सहावा मणी ग्लुटामिक आम्ल, डीएनएमधला शब्द जीएजी. काही माणसांत या शब्दातले मधले अक्षर बदललेले असते. एच्या जागी टी. शब्द झाला जीटीजी, आरएनएमध्ये जीयूजी, आणि त्याचा अर्थ व्हॅलिन. सदनचे वदन झाले. बाकीचे १४५ मणी जिथल्या तिथे.

ग्लुटामिक आम्ल पाण्याशी जुळवून घेते, व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. प्राणवायू सोडून दिल्यावर या बदललेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब ताठ धागे बनतात. गोल, लवचिक लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पुढे रक्त पोहोचत नाही आणि असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला बिघाड आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे, हे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी दाखवले.

आता याच शब्दात दुसरे बदल करून पाहा. जीएजीचे शेवटचे अक्षर बदलून जीएए झाले तर काय होईल? काहीच नाही. कारण जीएएचा अर्थही ग्लुटामिक आम्लच. पहिले अक्षर बदलून एएजी झाले तर लायसिन येते आणि हिमोग्लोबिन सी नावाचा वेगळा, बराच सौम्य प्रकार होतो, जो पश्चिम आफ्रिकेत आढळतो. म्हणजे जनुकात बदल झाला की माणूस बिघडला, हेही खरे नाही. कोणते अक्षर, कोणत्या जागी, त्याने कोणता मणी बदलला, हे पाहावे लागते. ‘जीन्समध्ये दोष’ असे मोघम बोलणे म्हणजे ‘पत्रिकेत दोष’ असे बोलण्यासारखेच आहे.

तपासणीच्या शिबिरांत आम्ही जे ऐकले ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, दोष सुनेच्या माहेरचा ठरतो. एका घरी मूल एसएस पॅटर्नचे निघाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडं असं कुणालाच नव्हतं, हे हिच्याच घरचं.” आम्ही त्यांना समजावले, “मावशी, एक प्रत आईची, एक बापाची. दोन्हीकडून आल्याशिवाय एसएस होतच नाही.” मुलाचा अहवाल एएस निघाला, तेव्हा घरात बराच वेळ कुणी बोलले नाही. पण त्या दिवसापासून सुनेला टोमणे मारणे थांबले, असे तिनेच नंतर आमच्यातल्या एका ताईला सांगितले. तीन अक्षरांच्या माहितीने एका बाईवरचा आरोप उतरला.

दुसरी गोष्ट, हिशेबाचा गैरसमज. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी प्रतींची २५ टक्के. लोक म्हणतात, “चारात एक ना? मग पहिलं झालं, आता पुढची तीन चांगली.” तसे नाही. प्रत्येक गरोदरपणात हा हिशेब नव्याने सुरू होतो. नाणे उडवले आणि छापा आला म्हणून पुढच्या वेळी काटा यायलाच हवा असे नसते.

तिसरी गोष्ट, दुखणे खरे न मानणे. आमच्या ओळखीचा एक कॉलेजचा मुलगा रात्री वेदनेने तळमळत एका दवाखान्यात गेला. अंगावर जखम नाही, ताप नाही, म्हणून त्याला ‘नाटक करतो, इंजेक्शनची सवय लागलीय’ असे ऐकवले गेले. सोबत असलेल्या आमच्या कार्यकर्त्याने सिकलसेलचे कार्ड पुढे केले, तेव्हा सलाईन लागले. त्याचे कार्ड घरी राहिले असते तर? ज्याच्या वेदनेवर विश्वास ठेवायला पुरावा मागितला जातो, तो कोण असतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. हा आजार विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या नवबौद्ध समाजात जास्त दिसतो, मग ‘जातीचा आजार’ म्हणणारे बरोबर नाहीत का?

नाही. पहिले कारण मलेरिया. एक प्रत बदललेली आणि एक चांगली असलेल्या वाहकाला सिकलसेलचा आजार सहसा होत नाही आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळते. हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडले. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हे अक्षर टिकले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावर ग्रीस आणि इटलीतही. ग्रीसमधला सिकलसेलचा रुग्ण कोणत्या जातीचा? ज्यांनी जंगलपट्ट्यात आणि गावाबाहेर डासांच्या तोंडी आयुष्य काढले, त्यांच्या पूर्वजांना या अक्षराने वाचवले, असाच याचा अर्थ निघतो. यात हीनपणा कुठे आला? आणि विदर्भात हा आजार इतर मागास समाजांतही आहे, हे तपासणी करणाऱ्या कोणत्याही आशाताईला विचारा.

दुसरे कारण लग्नाचे कुंपण. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे, असे मांडले. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. पुढे १९३६ मध्ये ‘जातिसंहार’ या न झालेल्या भाषणात त्यांनी जातीचे समर्थन वंशशुद्धीने आणि सुप्रजननशास्त्राने करणाऱ्यांचा समाचार घेतला. त्यासाठी त्यांनी आनुवंशिकीतले त्या काळचे मोठे नाव असलेल्या विल्यम बेटसन यांच्या पुस्तकाचा आधार घेतला. माणसाचे उच्च मानसिक गुण एखाद्या सरळ आनुवंशिक नियमाने उतरतात असे दिसत नाही, हा तो मुद्दा. डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये. म्हणजे त्याच्या १७ वर्षे आधी बाबासाहेब आनुवंशिकीचे मूळ पुस्तक उघडून वाद घालत होते. आपण ऐकीव ‘जीन्स’ला घाबरून गप्प का बसावे?

२०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतले आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ यांनी मिळून केलेला डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोकसमूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. त्यानंतर हे मिसळणे थांबले आणि समूहातल्या समूहात लग्ने होऊ लागली, असे त्यातून दिसले. म्हणजे डीएनएने जात निर्माण केली नाही. जातीने लग्नाचे कुंपण घातले आणि त्या कुंपणाच्या खुणा डीएनएमध्ये राहिल्या. कार्य आणि कारण उलटे करून सांगण्याची जी जुनी चलाखी आहे, ती इथे पकडता येते.

इथे आपल्याच कार्यकर्त्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘आंतरजातीय लग्न करा, सिकलसेल जाईल’ असे काही जण सभेत बोलतात. हे अर्धवट आहे. दोन वेगळ्या जातींतले वधू-वर दोघेही वाहक असू शकतात आणि मग धोका तेवढाच, २५ टक्के. आंतरजातीय लग्न समतेसाठी, प्रेमासाठी, जात मोडण्यासाठी करा, त्याला औषधाच्या बाटलीत भरू नका. सिकलसेलसाठी तपासणी करा. ती दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही गरजेची आहेत.

तपासणी म्हटली की पुढचा धोका येतो, शिक्का मारण्याचा. ज्या पॉलिंग यांनी हा आजार रेणूचा आहे हे शोधले, त्यांनीच १९६८ मध्ये असे सुचवले होते की हे जनुक बाळगणाऱ्या तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. त्यांना दोन नोबेल मिळालेली होती, त्यातले एक शांततेचे. इतका मोठा माणूसही अक्षरावरून माणसाच्या कपाळावर गेला. कपाळावरच्या, गळ्यातल्या, कमरेच्या खुणा काय असतात हे आपल्या पूर्वजांना माहीत होते. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी काळ्या लोकांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. निरोगी वाहकांनाही नोकरीत आणि विम्यात भेदभाव सोसावा लागला.

याच काळात, १९७१ पासून, ब्लॅक पँथर पक्षाने काळ्या वस्त्यांमध्ये सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. सरकार लक्ष देत नाही, तर आम्ही आमच्या लोकांची तपासणी करू आणि त्यांना माहिती देऊ, ही त्यांची भूमिका होती. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने त्यांचे नाव घेतले. नावासोबत हे कामही आपण आठवावे, असे आम्हाला वाटते. तपासणी तीच, सुई तीच. पण ती वरून लादली की शिक्का होतो, आणि आपल्या माणसांनी समजावून, संमतीने, अहवाल गुप्त ठेवून केली की ती सत्ता होते, आपल्या शरीराबद्दलच्या माहितीची.

आणि ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांना शेवटचे उत्तर इथेच आहे. सिकलसेलइतका सरळ आनुवंशिक आजार दुसरा शोधून सापडणे अवघड. एक जनुक, एक शब्द, एक अक्षर. तरीही मूल किती जगेल हे ते अक्षर एकटे ठरवत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यावर त्यांच्यातला न्यूमोकॉकस जंतूचा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. अक्षर तेच होते. १९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने मोठ्या माणसांमधले वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. अक्षर तेच होते. भरपूर पाणी, ताप येताच उपचार, वेळेवर रक्त, थंडीत अंगभर पांघरूण, यांनी फरक पडतो. अक्षर तेच राहते. इतक्या सरळ आजारात जर दवाखाना, पाणी आणि पैसा माणसाचे आयुष्य बदलतात, तर ज्या हुशारीमागे असंख्य जनुकांचा छोटा-छोटा वाटा आहे आणि त्यांच्यासोबत आईचे पोषण, बालपणीचा आहार, शाळा, पुस्तके, वेळ आणि मान आहे, ती ‘जीन्समध्येच’ आहे असे म्हणणारा विज्ञान बोलत नाही, तो आपली गादी राखत आहे.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी व्हायलाच हवी. पण ‘निर्मूलन’ आजाराचे करायचे आहे, आजारी माणसाला कोपऱ्यात ढकलायचे नाही, हे पाहणारी माणसे वस्तीत हवीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये सिकलसेल आहे, प्रमाणपत्र मिळू शकते. पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. ही लढाई बाकी आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली, अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. रुपयांत १८ कोटींच्या वर. अक्षरे दुरुस्त करण्याचे ज्ञान माणसाकडे आले आहे, ते आमच्या वस्तीपर्यंत कोण आणणार, हा प्रश्न आता प्रयोगशाळेचा राहिलेला नाही, राजकारणाचा आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच. दहावीचे विज्ञानाचे पुस्तक पुन्हा उघडा आणि आनुवंशिकतेचा धडा विहारात मोठ्याने वाचा. लग्नाआधी, जमल्यास कॉलेजात असतानाच, तपासणी करून घ्या. पीएचसीत सोल्युबिलिटीची साधी तपासणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी करून एएस की एसएस हे लिहून घ्या. अहवाल कुणाचाही असो, तो चावडीवर नेऊ नका. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे घरातल्या बायाबापड्यांना सांगा. दोघेही वाहक असाल तर डॉक्टरांशी बोला. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची तपासणी कायद्याने करता येते, निर्णय मात्र त्या जोडप्याचा. आजारी मित्राचे कार्ड कुठे ठेवलेले असते हे त्याच्या दोन मित्रांना माहीत असू द्या, रात्रीबेरात्री दवाखान्यात त्याच्यासोबत जायला माणूस लागतो.

आणि पुढच्या वेळी होस्टेलच्या मेसमध्ये कुणी ‘जीन्समध्येच असते’ म्हणाला, तर चिडू नका. शांतपणे विचारा, कोणते जनुक, कोणता कोडॉन, कोणते प्रथिन? उत्तर आले तर आपणही शिकू. नाही आले तर त्याला फळ्यापाशी बोलवा.

जय भीम!